ताटाची डावी बाजू

४ सप्टेंबर

अकोल्याहून आत्ताच अमरावतीला परतलो. चर्चासत्र बरं झालं. म्हणजे माझं भाषण बरं झालं, बाकीच्यांनी पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवली. मी माझं नेहमीचं सांगितलं: डोळा फक्त प्रकाश आत घेतो, पाहतो तो मेंदू, आणि मेंदूनं नाही म्हटलं तर समोर हत्ती उभा असला तरी माणसाला दिसत नाही. टाळ्या पडल्या. मग एक पोरगेलासा प्राध्यापक उठून म्हणाला, सर, आता हे सगळं संगणकावर करतात. मी म्हटलं, कर बाबा, पण तुझ्या संगणकाला भूक लागत नाही, म्हणून त्याला भाकर दिसत नाही. सगळे हसले, तो बसला.

अकोला स्टेशनवर मात्र फार उकडत होतं. अचानक भोवळ आली, डोकं ठणकायला लागलं आणि डाव्या हातातला चहाचा कप सुटून चपलेवर सांडला. बीपीची गोळी घरीच राहिली होती. गाडीत बसलो आणि बडनेऱ्यापर्यंत झोपलो. साधनाला काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती भाषणं, प्रवास, सगळंच बंद करेल.

७ सप्टेंबर

रविवार. सुट्टीचं जेवण आणि बायकोशी मुकं भांडण, दोन्ही झालं.

आमच्या घरी ताट रीतीनं वाढलं जातं. मीठ, लिंबू, तिखट-तेलाचा भुरका, कोशिंबीर डाव्या हाताला, भाजी उजवीकडे, भात समोर. लग्नाला इतकी वर्षं झाली, साधनाच्या हातून ही जागा कधी चुकली नाही. आणि आता पाहतो तर मीठ नाही, लिंबू नाही, भुरक्याचा पत्ता नाही. भाजी, वरण, भात, बस्स. वऱ्हाडच्या माणसाला भुरक्याशिवाय जेवायला घालणं म्हणजे शिक्षाच.

मला कारण कळलंय. चार दिवसांपूर्वीच ती म्हणाली होती, "बीपी वाढलं तुमचं, मीठ-तिखट कमी करा जरा." मी नाही म्हटलं, म्हणून हिनं न बोलता बंदच करून टाकलं. ठीक आहे. मीही मागणार नाही. आपणही अंजनगावचे आहोत म्हटलं. गप्प जेवलो आणि उठलो. ती ताटाकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे, आणि ताट उचलून आत गेली.

१० सप्टेंबर

तिसऱ्या वर्षाचा वर्ग. या वर्गासाठी मी अजून नोकरीत आहे असं म्हटलं तरी चालेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, पण 'मेंदू आणि पाहणं' हा पेपर मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. या कॉलेजात तो मी सुरू केला.

आमच्याकडे अजून मुलं एका बाजूला, मुली एका बाजूला बसतात. मी व्यासपीठावर उभा राहिलो की दाराकडची मुलं माझ्या उजव्या हाताला आणि खिडकीकडच्या मुली डाव्या हाताला. यंदा मुलं भलतीच चुरचुरीत आहेत, प्रश्नावर प्रश्न. विपुल तर नुसता हात वर करून उभाच असतो. मुली मात्र अगदी गप्प झाल्या आहेत. एकीचाही हात वर होत नाही. गेल्या महिन्यात ती प्रतीक्षा, चांदूर रेल्वेहून येते ती, माझ्याशी भांड भांड भांडायची. डोळे मिटले की काळं दिसतं, मग काळं 'दिसतं' म्हणजे काय, असं विचारून तिनं मला घाम फोडला होता. आता तिचाही आवाज नाही. लग्न ठरलं की काय कोण जाणे. आमच्याकडे पोरी तिसऱ्या वर्षाला आल्या की हेच होतं, याचा मला संताप येतो.

साधना म्हणते, "अर्धं पान कोरं काहून सोडून राह्यले वहीत? कागद फुकट येते काय?" तिला चष्मा लागलाय. पान भरलेलं आहे.

१५ सप्टेंबर

अपेक्षाला आज चांगलंच झापलं. अपेक्षा माझी संशोधक विद्यार्थिनी, हुशार आहे, पण छपाईत हलगर्जीपणा केला. आमचा प्रयोग साधा आहे. कागदावर आडवी रेष, समोरच्यानं अंदाजानं तिच्या मधोमध खूण करायची. माणूस मध्य कुठे मानतो त्यावरून त्याचा मेंदू कुठल्या बाजूला जास्त लक्ष देतो ते कळतं. नवे कागद छापून आले. माझी पद्धत अशी की कुणालाही द्यायच्या आधी पहिला कागद मी स्वतः करून पाहतो. खुणा केल्या, तिला मोजायला दिल्या. ती पट्टी घेऊन बराच वेळ बसली.

"सर, खुणा उजवीकडं गेल्या."

"किती?"

"लईच, सर. सगळ्याच."

मी म्हटलं, मग रेषा छापताना सरकल्या असतील. ती म्हणाली, मी मोजल्यात, बरोबर आहेत. मी म्हटलं, तीस वर्षं मी हेच करतोय आणि तू मला सांगतेस? सगळा गठ्ठा परत पाठव. तिनं गठ्ठा उचलला, पण माझ्या खुणांचा कागद मात्र पर्समध्ये घातला. कशासाठी ते विचारायचं राहिलं.

१९ सप्टेंबर

राजकमल चौकाजवळ एका सीताफळवाल्याची हातगाडी माझ्या स्कूटरसमोर आली. कुठून आली देव जाणे! रस्ता मोकळा होता, मी शपथेवर सांगतो. धडकलो. मला खरचटलं, त्याची सीताफळं रस्त्यावर. चूक त्याची असूनही मी खाली वाकून सगळी गोळा करून दिली. तरी तो म्हणतो, "साहेब, इकडली अर्धी तं पडूनच राह्यली."

मी पाहिलं, काही नव्हतं. त्याला म्हटलं, जास्त शहाणपणा करू नकोस. गर्दी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहत होती. मास्तर माणसाची काही पतच उरली नाही या गावात.

२३ सप्टेंबर

भरभर लिहितोय. रागानं.

प्राचार्य बोंड्यांनी बोलावून घेतलं. बोंडे माझ्यापेक्षा वयानं लहान, गोड बोलणारा माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला, तेव्हाच काहीतरी शिजत असल्याचा मला वास आला. म्हणाले, "सर, तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी लेखी तक्रार केली आहे. म्हणतात, सर आमच्याकडे बघतच नाहीत. हात वर केला तरी विचारत नाहीत. हजेरीला 'उपस्थित' म्हटलं तर मुलांकडे बघतात. सगळ्या मुलींच्या सह्या आहेत. पहिली सही प्रतीक्षाची."

मी! ज्यानं हॉस्टेलच्या पोरींसाठी संध्याकाळी लायब्ररी उघडी ठेवायला लावली, तो मी! ज्यांच्या बापांना समजवायला मी अंजनगाव, चांदूर, दर्यापूर पालथं घातलं, त्याच पोरी?

बोंडे म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुम्ही वर्ग सोडा. प्रकरण थंड होईल. पेपर दुसरं कुणी शिकवेल." आणि बोलताना सारखे माझ्या डाव्या गालाकडे पाहत होते. समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून बोलायची हिंमत नाही या माणसात.

मी उठलो. म्हटलं, "बोंडे साहेब, वर्ग मी सोडणार नाही. चौकशी करायची तर वर्गात येऊन करा. मी कुणाला घाबरत नाही." दरवाजा आपटला. बाहेर येताना खांद्याला चौकट लागली, चांगलीच लागली, पण मागे वळून पाहिलं नाही.

२४ सप्टेंबर

वर्ग माझा आहे. कागदावर पुन्हा लिहून ठेवतो. माझा आहे.

२७ सप्टेंबर

आज असा धडा घेतला की चौकशीवाल्यांनीही वह्या काढल्या असत्या. विषय, मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली तर काय होतं.

मी सांगितलं, असा रोगी आंधळा नसतो. डोळे ठणठणीत. पण डावीकडचं जग त्याच्या लक्षातून पुसलं जातं. दाढी अर्धीच करतो. ताटातलं अर्धंच जेवतो आणि वरून बायकोशी भांडतो की मला वाढलं नाही. आणि गंमत ही, की आपल्याला काही झालंय हेच त्याला पटत नाही. तुम्ही सांगा, तो तुम्हालाच वेड्यात काढेल.

मुलं हसली. मी रंगात आलो. म्हटलं, त्याला घड्याळ काढायला सांगा, तो बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबून मोकळा होईल. फळ्यावर आधी नीट घड्याळ काढलं, शेजारी रोग्याचं काढलं. वळलो तर कुणीच हसत नव्हतं. विपुलसुद्धा खाली मान घालून बसलेला.

मग एका मुलीचा आवाज आला. "सर, दोन्ही घड्याळं सारखीच हायेत."

"कोण बोललं?" मी मुलांकडे पाहिलं. "कोण बोललं ते उभं राहा!"

"मी उभीच आहे, सर. तुमच्यासमोर."

चेष्टा चालली होती सगळी. मी खडू टाकला आणि वर्गाबाहेर पडलो. इतक्या वर्षांत असा वर्ग सोडून मी कधी आलो नव्हतो.

२८ सप्टेंबर

हे सावकाश लिहितो.

सकाळी अपेक्षा घरी आली. मला वाटलं माफी मागायला आली. पण ती सरळ स्वयंपाकघरात साधनाकडे गेली आणि दार लोटून घेतलं. कुजबुज ऐकू येत होती. मध्येच साधनाचा मोठा आवाज, "अवो माय!" बाहेर आली तेव्हा अपेक्षाचे डोळे लाल होते. जेवून जा म्हटलं तर नाही म्हणाली, आणि जाताना माझ्या पाया पडली. आजवर कधी पडली नव्हती.

साधनानं ताट वाढलं. पुन्हा तेच, भाजी, वरण, भात. इतके दिवस तोंड शिवून बसलो होतो, आज राहवलं नाही.

"साधना, माणसानं माणसाला किती दिवस छळावं? मीठ बंद, लिंबू बंद, भुरका बंद. डॉक्टर तू आहेस का?"

ती समोर बसली. दोन्ही हातांनी ताट धरलं आणि गर्रकन उलटं फिरवलं.

भुरका. मीठ. लिंबाची फोड. काकडीची कोशिंबीर. पोळीचा अर्धा भागसुद्धा, मी न खाल्लेला.

"आत्ता ठेवलंस," मी म्हटलं.

"कोठून ठेवू? माह्ये दोन्ही हात ताटाले होते." तिचा आवाज फाटला. "रोज वाढून राह्यली मी. रोज तसंच उरते. मले वाटलं तुमी रुसले, मीठ कमी करा म्हटलं म्हणून. मी बी म्हटलं, पाहू किती दिवस रुसते हा माणूस. भांडी घासताना रोज गाईले टाकून राह्यली तुमचा वाटा."

मी म्हटलं, पुन्हा फिरव.

तिनं फिरवलं. भुरका गेला. मी मान न हलवता पाहत राहिलो. तो तिथे आहे हे मला माहीत होतं, वास येत होता, आणि तरी तिथे काही नव्हतं. रिकामी जागासुद्धा नव्हती. ताट तिथेच संपत होतं.

मी डावा गाल चाचपला. खुंट हाताला टोचले, कित्येक दिवसांचे. म्हणजे बोंडे हेच पाहत होते. सीताफळवाला खरं बोलत होता. रेषा नीटच छापल्या होत्या. आणि प्रतीक्षा माझ्यासमोर उभी होती.

भीती वाटली. फार भीती वाटली. कुणाशी बोलणार नाही, म्हणून इथे लिहितो. साधनानं विचारलं, "आता?" मी म्हटलं, आता काय, आधी जेवू दे. ताट तिनं उलटंच ठेवलं होतं. भुरका खाल्ला. रागानंच खाल्ला.

४ ऑक्टोबर

अकोल्याला डॉक्टरांकडे गेलो. अमरावतीत गेलो असतो तर माझ्याआधी बातमी कॉलेजात पोचली असती. साधना बरोबर होती, सगळा प्रवासभर माझ्या डाव्या बाजूला बसून.

एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला डाग निघाला. रक्ताची गुठळी, महिनाभर जुनी. म्हणजे तो चहाचा कप. डॉक्टर तरुण होते. समजवून सांगायला लागले, "काका, अशा पेशंटला डावीकडचं..." मी म्हटलं, पुढचं मी सांगू का? तुमच्या जन्माआधीपासून शिकवतोय. साधनानं कोपर मारलं. मग मी गप्प बसून सगळं ऐकलं, पहिल्या बाकावरच्या पोरासारखं.

स्कूटर बंद. गोळ्या चालू, रोज, न चुकता. डाव्या बाजूला काहीतरी लाल ठेवायचं आणि ते दिसेपर्यंत मान वळवायची. सवयीनं बरंच परत येतं म्हणाले. सगळं येईलच असं नाही म्हणाले. साधनानं तिथेच पर्समधून लाल रिबिन काढून माझ्या डाव्या मनगटाला बांधली. आमची पोरगी शाळेत होती तेव्हाची असेल.

८ ऑक्टोबर

बोंड्यांना सगळे कागद दाखवले. त्यांना इतकं हायसं वाटलं की मलाच त्यांची कीव आली.

"सर, मग प्रश्नच मिटला! तुम्ही आजारी रजा घ्या, नंतर स्वेच्छानिवृत्ती. मुलींना मी बोलावतो. सरांच्या आजारपणावर तक्रार केली म्हणून माफीपत्र लिहून देतील. तुमचं नाव स्वच्छ."

मी विचारलं, "माफी कशाची?"

"तक्रार खोटी ठरली ना, सर."

"खोटी कशी? त्यांनी लिहिलं सर आमच्याकडे बघत नाहीत. मी बघत नव्हतो. कॉलेजात एवढी माणसं, मी धडपडतोय हे सगळ्यांनी पाहिलं आणि कानामागे टाकलं. एकट्या त्या पोरींनी कागदावर लिहिलं. आणि माफी त्यांनी मागायची?"

"सर, भावनेच्या भरात..."

"मी भावनेच्या भरात नाही, मी शुद्धीवर आहे. रजा घेणार नाही, निवृत्ती घेणार नाही. सोमवारी माझा वर्ग आहे. तुम्ही मागच्या बाकावर येऊन बसा. मला शिकवता आलं नाही तर मी तिथेच वर्गाची चावी तुमच्या हातात देतो. पण ते वर्गात ठरेल, या खोलीत नाही."

ते म्हणाले, ठीक आहे, तुमचा शब्द. मी म्हटलं, माझाच. या वेळी चौकट लागली नाही. तिरका होऊन, रिबिन बघून बाहेर पडलो.

घरी येऊन साधनाला सगळं सांगितलं. साधना म्हणाली, "अन् नाईच जमलं तं?" मी म्हटलं, तर नाही जमलं. ती म्हणाली, "मंग चावी देसान अन् घरी येसान, भाजी चिरायले माणूस पायजेच मले."

१३ ऑक्टोबर

वर्गात गेलो. बोंडे मागे बसलेले. अपेक्षानं फळ्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल पट्टी चिकटवून ठेवली होती, आणि खिडकीच्या गजालाही एक लाल फडकं बांधलं होतं.

विपुल उठून म्हणाला, "सर, आम्ही बाजू बदलू काय? पोरी इकडं, आम्ही तिकडं." चांगला पोरगा आहे. मी म्हटलं, नाही. कुणी जागचं हलायचं नाही. हलायचं ते मी.

मग फडकं दिसेपर्यंत मान वळवली. जरा वेळ लागला. आणि त्या दिसल्या, सगळ्या बाकांवर, दाटीवाटीनं. इतके दिवस तिथेच होत्या. मी म्हटलं, "मुलींनो, माझ्या मेंदूला इजा झाली आहे. पण तुमची तक्रार खरी होती. मी तुमची माफी मागतो."

प्रतीक्षा उभी राहिली. चेहरा पांढराफटक, पण आवाज खणखणीत. "सर, आम्हाला माहीत नव्हतं. पण तक्रार मागं घेत नाही आम्ही. कोणी विचारलंच नाही आम्हाला, सगळे म्हणाले सर मोठे आहेत, गप्प बसा."

मागे बोंडे खोकले.

"घेऊच नकोस," मी म्हटलं. "घेतलीस तर नापास करीन."

वर्ग हसला आणि माझी छाती जरा मोकळी झाली. खडू घेतला. तेच घड्याळ पुन्हा काढायचं ठरवून आलो होतो. डाव्या हातानं लाल पट्टी चाचपून घेतली आणि गोल काढला. एक, दोन, तीन. सहापर्यंत सोपं होतं. मग मान वळवायची, पट्टी शोधायची, आकडा लिहायचा, पुन्हा वळवायची. कपाळाला घाम आला. बारा झाले असं वाटलं तेव्हा थांबलो.

"प्रतीक्षा, बरोबर आहे?"

तिनं एकदा मागे वळून पाहिलं. मागे बोंडे बसले आहेत हे तिलाही ठाऊक होतं. चावी माझ्या खिशात होती हे मला ठाऊक होतं.

"खरं सांग."

"नाही सर. आठ राहिला."

"कुठे?"

"डावीकडे. आणखी डावीकडे, सर. आणखी. खाली. हां, तिथं."

लिहिला.

मग म्हटलं, वह्या उघडा, आणि पुढचा मुद्दा शिकवायला घेतला. तास संपेपर्यंत पाच प्रश्न आले, तीन खिडकीकडून. त्यातल्या एकाचं उत्तर मला आलं नाही, पाहून सांगतो म्हटलं.

बोंडे दारात थांबले होते. हळूच म्हणाले, "सर, एक आकडा राहिला होता."

"राहिला होता. वर्गानं दाखवला, मी लिहिला. तुमच्या कागदावर असंच लिहा," मी म्हटलं. "उद्याही याच वेळेला वर्ग आहे."

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं चावी मागतात. पण तो हात मिळवायला होता, आणि तोही त्यांनी माझ्या उजव्या बाजूनं पुढे केला. मला दिसावा म्हणून असेल.

घरी साधना दारातच उभी. काही विचारलं नाही, खिशावर हात ठेवून चावी आहे का तेवढं पाहिलं. मग ताट वाढलं. भाजी, वरण, भात. आणि बसल्या बसल्या ताट फिरवायला तिनं दोन्ही हात पुढे केले.

"राहू दे," मी म्हटलं. "जिथे आहे तिथेच राहू दे. मी बघतो."

रिबिन पाहिली, मान वळवली, आणखी वळवली. भुरका होता. आज जरा जास्तच तिखट झाला होता.